कानसेनबाईंचा शांत तास

दहाला दोन मिनिटं उरली, की शिलाई मशीनच्या त्या कारखान्याच्या ऑफिसात एकच धांदल उडायची. कोणी राहिलेली शिंक शिंकून घ्यायचं. कोणी घरी फोन लावून "गॅस बंद केलास ना? नक्की? हात लावून बघ," असं दरडावून घ्यायचं. सुट्या भागांच्या टेबलावरचे दादा तर आपली खुर्ची चार वेळा पुढे-मागे ढकलून तिची करकर आधीच संपवून टाकायचे. मग दहा वाजायचे आणि सगळं ऑफिस चिडीचूप.

हा शांत तास. आणला नव्या मॅडमनी. वय नुकतीच तिशी ओलांडलेलं, चाल भरभर, आणि गळ्यात दोरीला अडकवलेलं स्टॉपवॉच. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं होतं, "आपण काम कमी करतो असं नाही. आपण कामात बुडतो न बुडतो, तेवढ्यात कोणीतरी हाक मारतं. उठतो. परत येऊन बसतो, तोवर कुठे होतो तेच आठवत नाही. म्हणून रोज दहा ते अकरा हाक मारायची नाही. फोन बंद, तोंड बंद. अगदीच अडलं तर पिवळ्या चिठ्ठीवर लिहायचं आणि समोरच्याच्या टेबलावर ठेवायचं. आणि दिवसभर दर पाव तासाला काय केलं, ते या तक्त्यात भरायचं."

"श्वास घेतला, तर तो कुठल्या रकान्यात?" दादांनी विचारलं होतं.

"'इतर कामे'," मॅडमनी न हसता सांगितलं होतं.

सुरुवातीला सगळ्यांनीच नाकं मुरडली. एका माणसाचा मात्र या तासावर इतका जीव जडला, की तिला रविवारीही दहा वाजता त्याची आठवण यायची. ही तक्रार विभागातली बाई. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं. तोंडी सगळा कारखाना तिला कानसेनबाई म्हणायचा.

गिऱ्हाइकांची पत्रं यायची, ई-मेल यायचे. त्यांना उत्तरं लिहायची, हे बाईंचं काम. लोक मशीनबद्दल लिहितात ते मशीनबद्दल लिहिल्यासारखं लिहीतच नाहीत. एकीनं लिहिलं होतं, 'सासूबाई वारल्यापासून मशीन दोरा तोडतं.' बाईंनी तिला उत्तर दिलं, की मशीनचा दोरा ओवण्याची पद्धत सासूबाईंना माहीत असणार, तुम्ही एक हुक सोडताय; सोबत चित्र काढून पाठवत आहे; आणि सासूबाई गेल्याचं वाचून वाईट वाटलं. अशी उत्तरं दहा ते अकरात सात-आठ लिहून व्हायची. मान वर नाही, हात थांबणं नाही.

आणि चिठ्ठ्या! बोलताना एका शब्दावर काम भागवणारी ही बाई चिठ्ठीवर अशी फुलायची, की दादा मुद्दाम कारण काढायचे.

'ताई, पेन आहे का जास्तीचं?'

'आहे. आधी मागचं परत करा.'

'ते हरवलं.'

'मग हेही हरवेल. पेन्सिल घ्या.'

'पेन्सिलीवर विश्वास, माझ्यावर नाही?'

'पेन्सिल छोटी आहे. हरवली तर दुःखही छोटं.'

दादा तोंडावर रुमाल दाबून हसायचे. आवाज नाही, नुसतं पोट हलायचं. बाई ते पोट बघून गालात हसायच्या आणि पुढचं पत्र ओढायच्या.

त्या तासात कोणालाच काही ऐकू येत नव्हतं. त्या तासात बाई सगळ्यांसारख्या होत्या.

हे कोणाला ठाऊक नव्हतं.

---

कानसेनबाई एकोणिसाव्या वर्षी कारखान्यात लागल्या, त्या चाचणीच्या हॉलमध्ये. तिथे तयार मशीनं एका लांब बाकावर मांडायची आणि चालवून बघायची. चाळीस मशीनं एकदम चालू. त्या गदारोळात नवी माणसं पहिल्या दिवशी डोकं धरून बाहेर यायची. ही मुलगी मात्र तिसऱ्या दिवशी बाकाच्या या टोकाला उभी राहून मिस्त्रींना म्हणाली, "ते सतरावं खाली घ्या. त्याचं शटल सैल आहे."

"तुला काय माहीत?"

"पाय टाकल्यासारखं वाजतंय. एक सरळ, एक लंगडा."

मिस्त्रींनी मशीन उघडलं. सुईखाली दोरा पकडणारं ते शटल खरंच सैल होतं. मिस्त्री तसे तोंडातून कौतुकाचा शब्द न काढणारे, ते एवढंच म्हणाले, "घ्या! कानसेन आल्या आमच्याकडे." तेच नाव चिकटलं. पुढची वीस वर्षं बाईंनी मान हलवल्याशिवाय त्या हॉलमधून मशीन बाहेर गेलं नाही. तेल कमी असलं तर कुठे कमी, सुई पट्टीला घासते की नुसती जवळून जाते, पट्ट्याखाली धूळ बसली आहे का, सगळं कानावर. नवरा होता तेव्हा चिडवायचा, "माझ्या छातीला कान लावून सांग बघू, काय सैल आहे." नवरा गेला, तो अचानक, आणि काही न वाजता. त्यानंतर कितीतरी दिवस बाईंना वाटायचं, आपण ऐकायला कमी पडलो.

चाळीस मशीनं वीस वर्षं दोन कानांत वाजली, की कान तरी किती पुरणार? पण बाईंना कळलं, ते फार उशिरा. तोवर त्या वर ऑफिसात आल्या होत्या. एकदा घराची बेल बिघडली म्हणून त्यांनी वायरमन बोलावला. त्यानं बटण दाबलं. दाबलं. पुन्हा दाबलं.

"बघा ना," बाई म्हणाल्या, "महिना झाला, अशीच मेली आहे."

वायरमननं एकदा बाईंकडे बघितलं, एकदा आतल्या खोलीतून बाहेर आलेल्या त्यांच्या नणंदेकडे.

"अगं वाजतेय की!" नणंद म्हणाली. "कानठळ्या बसवतेय!"

ही नणंद म्हणजे बाईंच्या वन्सं. वयानं मोठ्या, लग्न न केलेल्या, शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेल्या. तीस वर्षं मैदानाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला "साऽऽवधान!" पोचवलेला आवाज. अशी बाई घरात असली, की ऐकू येत नाही हे कळायला अर्धं आयुष्य जावं. बाईंचा डावा कान जवळजवळ संपला होता. उजव्यात आवाज यायचे, पण पाण्याखालून आल्यासारखे. शब्द असायचे, त्यांच्या कडा नसायच्या.

सांगायचं कोणाला? चाचणीच्या हॉलमध्ये त्यांच्याआधी एक काका होते. त्यांचे कान गेले, तेव्हा त्यांना 'तात्पुरतं' फाटकावर पास तपासायला बसवलं. वर्षभरानं ती खुर्चीही तिथून हलली. काका कुठे गेले, ते विचारायचंही कोणाला सुचलं नाही. आणि ते काका नुसते काका होते. ही तर कानसेन. हिचे कान गेले म्हणजे मागे उरलं काय?

म्हणून अकरा वाजले, की बाईंची दुसरी नोकरी सुरू व्हायची. ऑफिसात बडबडीचा बांध फुटायचा आणि बाई कमरेला पदर खोचल्यागत सावध व्हायच्या. समोरच्याचे ओठ बघायचे. सगळे हसले की अर्धा क्षण मागून हसायचं. कोणी मागून हाक मारेल म्हणून खिडकीच्या काचेत नजर ठेवायची. "हो हो, बघते" म्हणायचं आणि मग कशाला हो म्हणालो, ते शोधायला तीन टेबलं फिरायची. एकदा अशाच एका 'हो'पायी बाईंनी ऑफिसच्या सहलीत गोष्ट सांगायचं कबूल केलं होतं, आणि ते त्यांना बसमध्ये बसल्यावर कळलं.

"मला चिठ्ठीवर लिहून द्या बाई, विसरायला होतं हल्ली," हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. विसराळू म्हटलेलं त्यांना चालत होतं.

पाच वाजता बाई घरी निघायच्या, तेव्हा दिवसभर दगड फोडल्यासारख्या थकलेल्या असायच्या. आणि तक्त्यात अकरा ते पाचचे रकाने? त्यांत जेमतेम पाच पत्रं.

---

शुक्रवारी दुपारी मॅडमनी बोलावलं. बाई जाऊन मॅडमकडे उजवा कान येईल अशा बेतानं खुर्ची वळवून बसल्या. मॅडमच्या खोलीत पंखा नव्हता, दार बंद होतं, आणि मॅडम स्पष्ट बोलायच्या. तिथे बरंचसं कळायचं.

"ताई, हे काय गौडबंगाल आहे?" मॅडमनी महिन्याचे तक्ते पुढे सरकवले. "दहा ते अकरा, आठ पत्रं. अख्ख्या ऑफिसात एवढं काम कोणाचं नाही. आणि अकरा ते पाच, जेवणाची वेळ सोडून, पाच! मी तीनदा मोजलं. मला वाटलं, मीच चुकतेय."

बाईंनी तक्ता आपल्याकडे ओढला. "वय झालं मॅडम. सकाळी जरा उत्साह असतो..."

"छे! मला वेगळंच वाटतं." मॅडमचे डोळे चमकत होते. "तुम्हाला कंटाळा येतोय. तेच ते पत्र, तेच ते चित्र. मी तुमची जुनी फाइल वाचली. कानसेन! मिस्त्रींनी लिहून ठेवलंय, 'चाळीसांत एक ओळखते.' आणि अशा माणसाला आपण लिहायला बसवलंय?"

बाईंनी मान हलवली. हो की नाही, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"पत्राला जायला-यायला चार दिवस. फोनला चार मिनिटं. सोमवारपासून आपण फोन ठेवतोय, तुमच्या टेबलावर. गिऱ्हाइकानं फोन लावायचा, रिसीव्हर मशीनजवळ धरायचा, मशीन चालवायचं. तुम्ही ऐकायचं आणि दोष सांगायचा. जगात कोणाकडे नसेल असं!" मॅडम पहिल्यांदाच मोकळं हसल्या. "ही बढती आहे, ताई. तुमच्या कानांची."

एवढ्या प्रेमानं कोणी खड्डा खणून दिला, तर माणसानं काय म्हणावं? बाई म्हणाल्या, "थँक्यू, मॅडम."

बाहेर आल्या तर दादा वाट बघत होते. त्यांनी हात हलवत काहीतरी विचारलं. बाई म्हणाल्या, "हो हो, बघते."

दादांनी 'तुमच्या डब्यात आज भाजी कसली' एवढंच विचारलं होतं. ते जरा वेळ तसेच उभे राहिले, आणि मग जाऊन बसले.

---

"सांगून टाक," वन्संनी फर्मावलं. त्या भाजी चिरत होत्या आणि प्रत्येक शब्दावर सुरी आपटत होत्या. "सरळ जा, उभी राहा, सांग. त्यात लाजायचं काय? माझे गुडघे गेले, मी सांगितलं नाही का शाळेत?"

"तुमचे गुडघे गेले तेव्हा तुम्ही निवृत्त झाला होता, वन्सं."

"एक महिना बाकी होता!"

"आणि तुम्ही काही 'गुडघेसेन' नव्हता."

वन्सं हसल्या. सुरी खाली ठेवली. बाईंच्या शेजारी येऊन बसल्या आणि आपला मोठा, मैदानी हात त्यांच्या पाठीवर ठेवला.

"डॉक्टरकडे चल म्हणून दोन वर्षं ओरडतेय मी."

"त्यांनी सांगितलं, म्हणजे खरंच झालं."

"ते काय, त्यांनी सांगेपर्यंत खोटं आहे?"

रविवारी सकाळी वन्संनीच तालीम काढली. एक फोन बाईंच्या हातात, दुसरा घेऊन वन्सं आतल्या खोलीत. "हॅलो! माझं मशीन दोरा तोडतंय!"

"वन्सं, तुम्ही फोनवर बोलताय की भिंतीतून?"

"फोनवर!"

"मला भिंतीतूनच येतंय."

"थांब, हळू बोलते. माणसासारखं."

मग बराच वेळ काही आलं नाही. बाई फोन कानाशी घट्ट दाबून उभ्या होत्या. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. त्या फटीतून त्यांना वन्सं दिसत होत्या. ओठ हलत होते, भुवया हलत होत्या. वन्सं एका मशीनच्या गिऱ्हाइकाची अख्खी कैफियत मांडत होत्या, हातवाऱ्यांसकट. बाईंच्या कानात नुसती खरखर.

वन्संनी वर बघितलं. बाईंचा चेहरा बघितला. फोन खाली ठेवला.

त्या दिवशी दोघींनी पुन्हा तालमीचं नाव काढलं नाही.

---

सोमवारी बाई लवकर गेल्या. मनाशी वाक्य घोकून ठेवलं होतं: मॅडम, एक सांगायचंय. पण ऑफिसात पाऊल टाकतात तो टेबलावर नवा कोरा फोन, शेजारी कोरी वही, आणि मागे भिंतीला पाठ लावून मॅडम, हातात स्टॉपवॉच. नंबर शनिवारीच जाहीर झाला होता. ते वाक्य राहूनच गेलं. शांत तास संपला, अकराला फोनचा दिवा लुकलुकला.

बाईंनी रिसीव्हर उचलला. "बोला," त्या म्हणाल्या.

पलीकडून कोणीतरी बोललं. बाई असावी. म्हातारी असावी. पाण्याखालून एक आवाज वर येत होता आणि फुटत होता. मग खरखर सुरू झाली. म्हणजे रिसीव्हर मशीनजवळ धरला असणार. खरखर थांबली. आवाज परत आला, शेवटी वर चढला. प्रश्न असावा.

मॅडम पुढे वाकल्या. सगळं ऑफिस काम सोडून बघत होतं. कानसेन काय सांगतात?

सांगता आलं असतं. नव्वद टक्के मशीनांत सुई उलटी बसलेली असते. 'सुई बदलून बघा' म्हटलं असतं, तर दहांपैकी नऊ वेळा खरं ठरलं असतं. एवढंच करायचं: आज, उद्या, रोज, पाच वाजेपर्यंत. बाईंनी तोंड उघडलं. आणि त्यांना ती पलीकडची बाई दिसली, वाकून मशीनपाशी रिसीव्हर धरलेली, भरवशानं.

"आजी," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज त्यांच्या अंदाजापेक्षा फार मोठा निघाला, "मला ऐकू येत नाही. तुम्ही काय बोलताय ते मला कळत नाही. तुमचं मशीनही मला ऐकू येत नाहीये. पण फोन ठेवू नका. माझ्या शेजारी एक जण बसतात, त्यांचे कान चांगले आहेत. ते ऐकतील. मी विचारेन."

आणि त्यांनी रिसीव्हर दादांच्या पुढे धरला.

ऑफिसात त्या वेळी जी शांतता झाली, ती कुठल्याही नियमानं झाली नव्हती. दादांनी एकदा रिसीव्हरकडे बघितलं, एकदा बाईंकडे. मग खुर्ची ओढत, करकरत, ते जवळ आले आणि बाईंना ओठ दिसतील असे समोर बसले.

"हॅलो, आजी? हं. हं." दादा बाईंकडे वळून एकेक शब्द सावकाश, कडांसकट बोलले. "म्हणतात, मशीन वाजतंय."

"कसं वाजतंय?"

"वाजतंय म्हणजे... खडखड."

"खडखड कशी? कोरडी का ओली?"

"ताई, खडखड ओली कशी असेल?"

"असते. ऐका नीट. दर टाक्याला येते, का मधून मधून?"

दादांनी डोळे मिटले. कपाळावर आठ्या. "टक. टक. टक. प्रत्येक वेळी. आमचे आजोबा काठी टेकत जिना उतरायचे, अगदी तस्सं."

"आजोबा घाईत आहेत की सावकाश?"

"सावकाश! पण चिडलेले आहेत."

मागून कोणीतरी खुदकन हसलं. बाईंना ते ऐकू आलं नाही. त्या पुढे वाकल्या होत्या, डोळ्यांत वीस वर्षांपूर्वीचा हॉल आला होता. "कापड काढून चालवायला सांगा. तरी येतो?"

"येतो."

"आता बॉबिनची डबी बाहेर काढायला सांगा. खालची, पोलादी. हं. आता चालवा म्हणावं."

दादा ऐकत राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "गेला! ताई, आजोबा गेले!"

"डबी नीट बसली नव्हती. सुई तिच्यावर आपटत होती. परत बसवताना 'खट' झालं पाहिजे. झालं का विचारा."

"झालं म्हणतात. आणि म्हणतात..." दादा थांबले, "म्हणतात, तुमच्या त्या बाईंना सांगा, मलाही एका कानानं कमीच येतं. मी घरात कोणाला सांगितलं नाहीये."

मॅडमनी स्टॉपवॉच थांबवलं. अकरा मिनिटं.

---

आपल्या खोलीचं दार बंद केल्यावर मॅडमनी टेबलावरचे तक्ते पुढ्यात ओढले.

"किती दिवस झाले?"

"दोन वर्षं. जास्तच."

"मला सांगायचं होतंत."

"शुक्रवारी तुम्ही माझ्या कानांना बढती दिलीत, मॅडम. त्यांच्या तोंडावर कसं सांगणार?"

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तक्ता उलटा फिरवून बाईंपुढे ठेवला. अकरा ते पाच. "मग हे? या सहा तासांत तुम्ही काय करत होता? खरं सांगा. मी रागावणार नाही, मला कळून घ्यायचंय."

बाईंनी रकान्यांवरून बोट फिरवलं. प्रत्येक रकान्यात त्यांच्याच अक्षरात 'पत्रे', 'पत्रे', 'इतर कामे'.

"ऐकू आल्याचं काम करत होते," त्या म्हणाल्या. "फार वेळ खातं ते. दमवतं. पत्र लिहायला सात-आठ मिनिटं लागतात, मॅडम. पण कोणी मागून काय म्हणालं, ते न विचारता शोधून काढायला अर्धा तास. आणि ते दिवसातून दहा वेळा. त्याला तुमच्या तक्त्यात रकाना नव्हता."

मॅडम उठून खिडकीशी गेल्या. तिथूनच काहीतरी बोलल्या. मग एकदम लक्षात येऊन परत वळल्या, समोर येऊन बसल्या आणि पुन्हा म्हणाल्या, "मी म्हटलं, मी तीनदा मोजलं. आणि एकदाही विचारलं नाही."

निकाल काही एका दिवसात लागला नाही. एका फोनला दोन माणसं ही गोष्ट वरच्या साहेबांना पटेना. मॅडम दोनदा वर जाऊन आल्या, दोनदा लाल होऊन परत आल्या. शेवटी ठरलं ते असं: पत्रं आणि ई-मेल सगळे बाईंकडे. त्यांच्याशी काम असेल त्यानं समोर येऊन बोलायचं, पाठीमागून हाक मारायची नाही. फोन दादांकडे. आणि तीन महिने रोज दुपारी एक तास बाईंनी दादांचे कान तयार करायचे, खाली चाचणीच्या हॉलमध्ये. तीन महिन्यांनी काय, ते तेव्हा बघू. वरून लेखी एवढंच आलं. वन्संनी ते वाचलं आणि त्याच दुपारी कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. "आता कोणापासून लपवायचंय तुला? माझ्यापासून?" अकरा ते पाचमध्ये पहिल्या आठवड्यात बावीस पत्रं वाढली. मॅडमनी ती मोजली. पण या वेळी तक्ता बाईंना दाखवायला त्या स्वतः टेबलापाशी आल्या.

हॉलमध्ये बाई सहा वर्षांनी उतरल्या. चाळीस मशीनं चालू होती. दादांनी दारातच डोकं धरलं. बाईंना पायांखालची जमीन थरथरल्यासारखी वाटली, एवढंच.

"या," त्या म्हणाल्या. "हे सतरावं. हात ठेवा माथ्यावर. आधी हातानं ऐका, मग कानानं. काय येतंय?"

"काही नाही. नुसता गोंगाट."

"गोंगाट बाकीच्या एकोणचाळिसांचा आहे. तो सोडून द्या. घाई नाही."

दादा वाकून उभे राहिले. पहिल्या दिवशी त्यांना काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. उलट त्यांनी एक चांगलं मशीन 'खोकतंय' म्हणून खाली उतरवलं आणि मिस्त्रींच्या जागी आलेल्या नव्या पोरीनं त्यांची भरपूर खिल्ली उडवली. पाचव्या दिवशी मात्र दादा बाकाच्या मध्यावर थबकले, दोन पावलं मागे आले आणि एका मशीनवर हात ठेवला.

"ताई. हे."

"काय आहे त्याला?"

"काही नाही. तेच तर. काही नाहीये." ते बाईंकडे तोंड करून, सावकाश बोलू लागले. "एकसारखं येतंय. कोणी कामात असताना तोंडातल्या तोंडात गुणगुणतं ना, आपल्याला ऐकू जातंय हे त्याला माहीतच नसतं, तसं. मध्ये एकदा श्वास घेतं. मग परत."

बाईंनी मशीनच्या माथ्यावर, दादांच्या हाताशेजारी आपला हात ठेवला. हातात थोडी थरथर आली. बाकीचं सगळं दादांच्या ओठांवर होतं.

"उत्तम आहे हे मशीन," त्या म्हणाल्या. "पाठवा पुढे."

दादांनी बटणाकडे हात नेला.

"थांबा. लगेच नको बंद करू." बाईंनी त्यांच्या मनगटाला धरलं. त्या कधी नव्हे ते दादांशी एकेरीत बोलल्या होत्या, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. "श्वास घेतं म्हणालास. कुठे घेतं? पहिल्यापासून सांग."